धाराशिवी शेळी

कळंबच्या बाजारात, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सिद्धलिंग सरांचं वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं. तिथं दोघी कामाला होत्या, शिवकांता आणि समृद्धी. महिनाअखेर त्यांतली एकच राहील, हे सरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं.

शिवकांता बत्तीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली. तिचं काम तपासायचं. समृद्धी तेवीसची. बाजारातल्या रंगवलेल्या पाट्यांचे ती फोटो काढायची, कुठल्या पेंटरनं 'ळ' कसा वळवलाय ते वहीत उतरवायची. अक्षरांच्या रचनेवर मिळेल ते वाचायची. शिवकांतालाही तिनंच शिकवलं होतं. "ताई, खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला आपटाय नको. तेवढं अंतर ठेवायचं." दोघींपैकी कोण राहणार, हे शिवकांताला कुणी सांगायची गरज नव्हती.

ईटच्या खाजाभाईंचा शेळीपालनाचा धंदा. त्यांच्या साइटची चाळीस पानं होती. पत्त्यातलं जिल्ह्याचं नाव बदलायचं होतं. समृद्धीनं एडिटरला, म्हणजे पानं लिहायच्या प्रोग्रॅमला, हुकूम दिला: जिथं 'उस्मानाबाद' असेल तिथं 'धाराशिव' कर. एका क्षणात झालं. तिनं काम तपासणीला पाठवलं.

तपासणीत जुनी ओळ लाल दिसते, नवी हिरवी. पहिल्या पानावर पत्ता बदलला होता, बरोबर होता. दुसऱ्या पानावर हिरव्या ओळीत लिहिलं होतं, 'अस्सल धाराशिवी शेळी'. 'उस्मानाबादी'तलं नाव बदललं होतं आणि मागं राहिलेली वेलांटी 'व'ला जाऊन चिकटली होती. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीची जात उस्मानाबादीच. गिऱ्हाईक नेटवर शोधतं तेही त्याच नावानं.

प्रत्येक पान पाहिल्याची खूण वेगळी करावी लागते. शिवकांतानं चाळीसही पानं शेवटपर्यंत वाचली. चूक एकशे बारा ठिकाणी होती. तिनं चाळीस खुणा केल्या, खाली 'पाहिलं, ठीक' लिहिलं आणि समृद्धीबरोबर डबा खायला बसली.

आठव्या दिवशी खाजाभाई जिना चढून आले.

"सिद्धलिंगराव, ही कुठली नवी जात काढली तुमी? गिऱ्हाईकाचा एक फोन न्हाय, चेष्टेचे लई. सोलापूरचा व्यापारी इचारतो, खाजाभाई, तुमची धाराशिवी शेळी चारा खाती का नुसत्या पाट्या बदलती?"

सरांनी पान उघडलं. "समृद्धी, उभी राहा. वाच."

"सर, मी आत्ता दुरुस्त..."

"वाच म्हणलं ना. मोठ्यानं."

"अस्सल धाराशिवी शेळी," समृद्धी वाचू लागली. "धाराशिवी बोकडाची निवड..."

खालच्या दुकानातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. कुणीतरी हसलं. सरांनी पुढचं पान उघडलं, मग त्याच्या पुढचं. बाराव्या पानावर ती ओढणीनं डोळे पुसू लागली.

"बास करा साहेब," खाजाभाई म्हणाले, "लेकरू हाय."

"नुकसान तुमचं झालंय ना? मग ऐका." सर शिवकांताकडं वळले. "तुम्ही तपासलं होतं?"

"पत्ता तपासायला सांगितला होता सर. पत्ता बरोबर आहे."

हे खरं होतं. सरांनी समृद्धीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी पिशवी भरताना समृद्धी म्हणाली, "ताई, माफ करा. माझ्या घाईपायी तुम्हालाही बोलणी बसली असती."

"असू दे," शिवकांता म्हणाली.

"एक काम होतं. पुण्याच्या एका कंपनीला माझं स्वतःचं पान पाठवायचंय. तेवढं बघता? तुमची नजर बारीक आहे."

शिवकांता खुर्ची ओढून बसली. समृद्धी कुठला एडिटर वापरते, काय वाचते, कुठल्या पेंटरचा कुठला 'ळ' तिला आवडतो, सगळं त्यात होतं. मराठीतलं इतकं देखणं पान शिवकांतानं पाहिलं नव्हतं. तळाशी संपर्कासाठी मोबाइल नंबर होता, दुसरं काहीच नव्हतं. तिनं आकडे मोजले. नऊ भरले. पुन्हा मोजले.

"काही राहिलंय का, ताई?"

"काही नाही. एकदम बरोबर आहे. पाठव."

समृद्धीनं उभ्या उभ्याच बटण दाबलं.