लाल पातं पडलं तेव्हा

मी एक जुनं, दोन तोंडांचं घड्याळ आहे. मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण मी टिकटिक थांबवली की आमच्या क्लबाच्या खालचा छापखानाही बंद पडायचा. बरं, छापखान्याचं सोडा; बाकी सगळं खरं सांगतो.

बुद्धिबळात दोघांचा वेळ वेगळा मोजतात, म्हणून मला दोन तबकड्या. चाल झाली की बटण दाबायचं, मग समोरच्याचा वेळ पळू लागतो. ज्याचा वेळ संपतो त्याचं लाल पातं पडतं आणि तो हरतो. तरुणपणी मला रोज मऊ फडक्याने पुसत. आता एक काच तडकली आहे, पाठीला सुतळी बांधली आहे. त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते गेल्या अंतिम सामन्याचं.

एकीकडे ड्रॉइंग मास्तर, नऊ वर्षं क्लबाचे अजिंक्यवीर. दुसरीकडे दवाखान्यातले कंपाउंडरकाका, मास्तरांना एकदाही न हरवलेले. एकतिसाव्या चालीला मास्तरांना हलवायचा होता उंट. बोटांनी उचलला शेजारचा हत्ती. उचललेली सोंगटी हलवावीच लागते. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मी हातभर अंतरावरून पाहिल्या. पण हत्ती त्यांनी इतक्या सावकाश ठेवला, जणू महिनाभर हेच योजलं होतं.

काकांचं प्यादं तो हत्ती फुकटात मारू शकत होतं. पण मास्तर कधी काही फुकट देतात का? काका सापळा शोधत बसले. एकोणीस मिनिटं. मी घसा फुटेस्तोवर टिकटिक करत होतो, मारा हो, मारा. माझं कोण ऐकतंय? त्यांचं पातं पडलं.

पुढच्या रविवारी मास्तरांनी भिंतीवरच्या मोठ्या पटावर डाव समजावून सांगितला. हत्ती आपण मुद्दाम दिला, असं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका मागच्या बाकावर होते, मांडीवर स्वतःचा घडीचा पट. तो क्लबाला देऊन खेळ सोडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. डोकंच चालत नाही म्हणत. दवाखान्यातही एकेक चिठ्ठी तीन-तीनदा वाचू लागले होते.

"मास्तर, तेवढा सापळा दाखवा," ते म्हणाले. "बघतो आणि सुटतो."

मित्रांनो, मला चावी देताना दोन्ही बाजूंना सारखी द्या. एकच बाजू पिळत राहिलात, तर आतली स्प्रिंग मुकाट्याने तुटते, बाहेर कळतसुद्धा नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मास्तरांना तेव्हा एका वाक्यात काकांना सोडवता आलं असतं. त्यांनी सोंगट्यांचा डबा चाचपला आणि पटावर एक वजीर लावला.

"तुम्ही हत्ती मारला, की हा वजीर सरळ खाली. मात."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा वजीर मला दिसलाच नाही हो," ते हळूच म्हणाले आणि आपला पट माझ्या शेजारी टेबलावर ठेवला.

सामन्याच्या चाली मास्तरांच्या मुलीने लिहून घेतल्या होत्या. तिने वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि काकांचा पट उचलून त्यांच्या मांडीवर परत ठेवला.

"दिसणार कसा, काका? बाबा, दोघांचेही वजीर विसाव्या चालीलाच मेले होते."