मेहेरबान शेठ इराणहून परत आले

मेहेरबाननं चहाची बशी बन्सीधर मास्तरांच्या पुढ्यात सरकवली आणि फडक्यानं टेबल पुसता पुसता तो बोलण्यातच इस्फहानच्या पुलावर जाऊन उभा राहिला.

"तुमी बोलले तस्साच हाय मास्तर. नीचे से पानी, ऊपर कमानीच कमानी. श्याम को लोकां आके बैठते."

"आणि मैदान?"

"मैदान भी देखा ना. निळा घुमट. आँख ठहरती नहीं."

मास्तर बाकावर पुढे सरकून बसले. चहावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर मुंबईची गाडी पकडायला गेलेला हा माणूस होळी उलटल्यावर आज सकाळच्या एस्टीनं येलदरीला उतरला होता. मधल्या काळात शाळा सुटली की मास्तर त्याच्या बंद हॉटेलावरून एक चक्कर मारूनच घरी जात. वाट वाकडी करून का जाता, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारणारं घरात कुणी नव्हतंच.

मास्तरांची हयात फारसी शिकवण्यात गेली होती. निजामाच्या अमदानीत परभणीच्या शाळेत त्यांना मोठा मान होता. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि दोन-चार वर्षांत फारसी घेणारा एक पोरगा उरला नाही. मास्तरांना कधी भूगोल दे, कधी कवायत दे, असं करत करत शेवटी धरणाच्या कॅम्पातल्या चार खोल्यांच्या शाळेवर धाडून दिलं. 'पढे फारसी, बेचे तेल' ही म्हण लोक त्यांना तोंडावर ऐकवत. मास्तर हसून म्हणत, "तेल विकायला तरी अक्कल लागते बाबा." बायको परभणीतच गेली. येलदरीत पूर्णेच्या काठी सुरुंग होते, मजूर होते, धूळ तर विचारू नका. मनातलं बोलायला मात्र माणूस नव्हतं.

आणि अशा ठिकाणी एक इराणी पत्र्याचं हॉटेल टाकून बसलेला. मेहेरबान हे त्याचं खरं नाव. पण सरकारी अर्ज 'मेहेरबान साहेब' पासून सुरू करायची सवय लागलेल्या लोकांना ती पदवीच वाटे, आणि दोन पैशांचा चहा मागतानाही ते उगाच अदबीनं मागत. मास्तरांनी पहिल्याच दिवशी ठेवणीतली फारसी काढून त्याची ख्यालीखुशाली विचारली. मेहेरबान बघतच राहिला.

"ये तो दरबार की बोली है मास्तर. हमारे घर में ऐसा कौन बोलता?"

तो यझ्दच्या बाजूच्या एका खेड्यातला. अकराव्या वर्षी चाचाचं बोट धरून निघाला, बंदरावर आला आणि जहाजात चढला. इराणात त्यानं पाहिलं होतं ते एक खेडं आणि एक रस्ता, तोही रात्री, खेचराच्या पाठीवर पेंगत. इस्फहान नाही, शिराझ नाही, काही नाही.

मग मास्तरच त्याला इराण दाखवू लागले. न पाहिलेला माणूस न पाहिलेल्या माणसाला हिंडवतोय, असा तो कारभार. पण आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, तसा हा प्रवास बरा चालला. संध्याकाळी गिऱ्हाईक पांगलं की दोघं निघत. तब्रीझची निळी मशीद, काशानच्या नक्षीदार फरश्या, निशापूरच्या डोंगरातल्या फिरोज्याच्या खाणी. हॉटेलला दूध घालणारी धनगराची बायनाबाई दारात टेकून ऐके. काशान तिला काशीच वाटे, आणि निशापूर ऐकल्यावर तिनं सरळ विचारलं होतं, "ह्ये निशापूर औंढ्याकडलं का? आमच्या नंदंला तिकडंच देलंय."

या फिरण्यातूनच मेहेरबाननं एकदा प्रत्यक्ष जायचं मनावर घेतलं. निघताना मास्तरांनी त्याच्याकडे एवढंच मागितलं होतं, "नीट बघून या शेठ. मी आयुष्यभर पोरांना जे सांगितलं ते खरं आहे का, तेवढं येऊन सांगा." खरं निघालं तर आपला जन्म अगदीच फुकट गेला नाही, असं त्यांना वाटून घ्यायचं होतं. ते सांगू शकेल असा एकच माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

"आता शिराझ," मास्तर म्हणाले.

"शिराझ म्हंजे बागाच बागा. सरू के झाडां. और वेशीत घुसे की वो नीम का झाड नहीं क्या? उसके नीचे बैठा मैं. क्या ठंडी हवा, मास्तर."

"हाय न्हवं अजून लिंब?" बायनाबाई दारातून म्हणाली आणि पैज जिंकल्यासारखी मास्तरांकडे बघून हसली.

बशीकडे गेलेला मास्तरांचा हात तिथंच राहिला.

शिराझच्या वेशीत कडुलिंब नव्हता. कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो बायनाबाईचा होता. मागच्या उन्हाळ्यात मास्तर शिराझच्या वेशीशी पोचले तेव्हा तिनं अडवलं होतं, "इतक्या उन्हाचं चालून आलेलं मानूस बसंल कुटं? एखांदा लिंब तर असंल की." तिचं मन मोडू नये म्हणून मास्तरांनी एक लिंब लावून दिला होता, आणि त्याच्या सावलीत तिघंही घटकाभर बसले होते.

पूल, घुमट, कमानी, सगळे त्यांचेच शब्द होते; त्यांचेच त्यांना परत मिळत होते. मेहेरबान इराणात गेलाच नव्हता. आधी त्यांना राग आला. एका म्हाताऱ्या माणसाला किती बनवावं? मग त्या रागाच्या मागून जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. आता कुणीच येऊन सांगणार नव्हतं. आपण सांगितलं ते खरं की खोटं, हे आता मरेपर्यंत कळायचं नाही. शिराझच्या वेशीत लिंब कोणी लावला, एवढं विचारलं असतं तर मेहेरबान बायनाबाईसमोर उघडा पडला असता. प्रश्न त्यांच्या जिभेवर आलाही.

तेवढ्यात बायनाबाईच म्हणाली, "अन् घरी? घरी कोन भेटलं तुमाला?"

मेहेरबानचं फडकं थांबलं. त्याचं खेडं मास्तरांनी त्याला कधीच दाखवलं नव्हतं. ते त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि म्हणून मेहेरबानजवळ सांगायला काही नव्हतं. मग तो धिप्पाड माणूस मान खाली घालून टेबलाचा एकच कोपरा पुसू लागला.

"का वो? काई वंगाळ झालं का?"

"दमलाय तो," मास्तर म्हणाले. "मघाशी मला सांगितलं त्यानं. मी सांगतो."

मेहेरबाननं वर पाहिलं.

"आई नाही राहिली. ते त्याला आधीच कळलं होतं. पण बहीण आहे. हा निघाला तेव्हा रांगत होती." मास्तर थांबत थांबत बोलत होते. एवढं अडखळत ते वर्गात कधी बोलले नव्हते. "घराच्या अंगणात ती डाळिंब सोलत बसली होती. हा जाऊन समोर उभा राहिला. ओळखणार कशी? म्हणाली, कोण पाहिजे?"

"मंग?"

"मग यानं आईचं नाव सांगितलं."

बायनाबाईनं पदर डोळ्याला लावला. "काय म्हनली मंग ती?"

"लगेच काही नाही म्हणाली. आत गेली, पाणी घेऊन आली. म्हणाली, आधी पाणी पी."

"बराबर हाय. आदी पानीच देतंय मानूस." बायनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "माय न्हाई ती न्हाई, पर बहीन तं भेटली. लय चांगलं झालं शेठ. मी बी म्हनायले, ह्यो मानूस असा एकाएकी गप का बसला." बाहेर शेळ्या ओरडायला लागल्या होत्या. रिकामी चरवी काखेला मारून ती उताराला लागली.

दोघंच उरले. धरणाच्या अंगाला सुरुंगाची शिट्टी झाली, थोड्या वेळानं बार उडाला आणि हॉटेलचे पत्रे थरथरून शांत झाले.

"बंदर तक गया था मास्तर," मेहेरबान खालच्या आवाजात म्हणाला. "जहाज भी देखा. साहब बोला, इराणी है तो उधर का कागद दिखा. इधर का है तो इधर का दिखा. मेरे पास दोनों नहीं. ग्यारह बरस का पोरगा कायका कागद लाता?"

मास्तरांनी बशी जवळ ओढली.

"फिर मुंबई में कपां धोते बैठा. जल्दी आके तुमको क्या मुँह दिखाता? तुम बोले थे, नीट देख के आओ."

मास्तरांनी थंडगार चहा पिऊन टाकला. राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. वाईट मात्र वाटत होतं, थोडं स्वतःसाठी, बरंच समोरच्यासाठी. काहीतरी धीराचं बोलावं असं मनात आलं. पण धीराची सगळी वाक्यं त्यांना फारसीत येत होती, आणि ती बोली या माणसाच्या घरची नव्हती.

मेहेरबान येऊन समोरच्या बाकावर बसला. हॉटेल उघडं असताना तो एरवी कधी बसत नसे. बराच वेळ तो फडक्याची घडी घालत राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "पानी पिया मैं. फिर क्या बोली वो?"

मास्तरांनी जरा विचार केला.

"रागावली," ते म्हणाले. "म्हणाली, इतका उशीर का केलास."

"हौ," मेहेरबान म्हणाला. "देर तो हुई."