खंडेनवमीची करवत

बेलवलीच्या वखारीत सरपण विकणारा श्यामकांत त्या पेट्रोलवरच्या साखळीच्या करवतीपुढे रडकुंडीला आला होता. उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराने "कंपनी नवीन आहे, पण माल एक नंबर" म्हणत ती त्याच्या गळ्यात मारली होती. दोरी ओढून ओढून श्यामकांतचा खांदा कामातून गेला. यंत्र मात्र दोनदा खोकायचं आणि गप्प बसायचं.

खंडेनवमीला त्याच्या बायकोने, कुमुदिनीने, कुऱ्हाडीला, पाचरीला, जुन्या करवतीला हळदकुंकू वाहिलं. नव्या यंत्रापुढे मात्र ती थबकली.

"हिलाही लावू? ही तर इकडची काडी तिकडे करत नाही."

श्यामकांतचं डोकं फिरलं. त्याने तिरीमिरीत दोरीला हिसडा दिला आणि करवत धडाडून सुरू झाली. साखळी अशी गरगरत होती की समोरच्या आंब्याच्या ओंडक्याचे हां हां म्हणता तुकडे झाले असते. त्याने पाऊल उचललं, तसं कुमुदिनीने पूजेचं तबक आडवं धरलं.

"आज हत्यार चालवायचं नाही."

वखारीचा हा रिवाज त्याच्या आजोबांपासूनचा. दातओठ खात त्याने यंत्र बंद केलं.

दसरा आटोपल्यावर त्याने पुन्हा दोरी ओढली. यंत्र दोनदा खोकलं आणि गप्प बसलं. शेजारचा वखारवाला गुरुदत्त कुंपणावरून म्हणाला, "मीही एक घ्यावी म्हणतो. कशी आहे कंपनी?"

श्यामकांतने कुऱ्हाड उचलली.

"भारी धार्मिक आहे. फक्त खंडेनवमीला चालते."