संमतीचा अंगठा

“अंगठा कुठाय?” ऑपरेशनचा फॉर्म पुढं सरकवत इस्पितळातल्या कारकून काकासाहेबानं विचारलं.

“पेटीत,” आसाराम म्हणाला.

पेटी सोनईच्या गारेगारवाल्याची होती. आत बर्फावर, ओल्या फडक्यात आसारामचा डावा अंगठा होता. दुष्काळी छावणीत आपल्या गुरांना चारा घालायला गेला असताना कडबा कापायच्या यंत्रानं तो सकाळीच घेतला होता. तुटलेला अंगठा असा आणायचा असतो हे इस्पितळात दोघांनाच ठाऊक होतं. एक धाकटे डॉक्टर, आणि दुसरा त्यांना उंदीर धरून देणारा शिपाई, म्हणजे आसारामच.

दीड वर्षं धाकटे डॉक्टर दुर्बिणीखाली उंदरांच्या शिरा कापून परत शिवत होते. दोरा केसाहून बारीक. आधी समोरासमोर दोन टाके, मग मधले सहा. शिरेची मागची भिंत सुईत सापडली की शीर बंद आणि उंदीर खड्ड्यात. असे एकशे बारा उंदीर आसारामनं पुरले होते. एकशे तेरावा जगला, तेव्हा त्यानं पेढे वाटले.

“संमतीवर अंगठा लागतो,” काकासाहेब म्हणाला.

“ह्यो उजवा घ्या की, भाऊसाहेब.”

“उजवा बायांचा. पुरुषाचा डावा. तू बाई हायेस का?”

आसारामनं आपण बाई नसल्याचं कबूल केलं. काकासाहेबानं पेटीतला अंगठा काढला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि फॉर्मवर उमटवला. ठसा सुरेख आला. एरवी लोकांचे हात थरथरतात.

ऑपरेशनला आसारामचा नुसता हात बधिर केला होता. तो जागाच होता.

“सायब, मागली भिंत सांभाळा.”

“गप पड.”

सहा तासांनी धाकट्या डॉक्टरांनी शिरेवरचा चिमटा काढला. शीर फुगली. “वाहतंय रे, आसाराम,” ते म्हणाले. उंदरांशी ते इतकं कधी बोलले नव्हते.

आता अंगठा गुलाबी राहतो की निळा पडतो, एवढंच बघायचं होतं. पण शाईनं तो आधीच निळा होता, आणि स्पिरिटनं पुसल्यावर तर मुळापर्यंत निळा झाला. “शाई आहे, विसरू नका,” असं सगळ्यांना बजावून तिसऱ्या दिवशी धाकटे डॉक्टर ह्या अंगठ्यावर भाषण करायला पुण्याला गेले.

चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर आले.

“मेलाय हा. काढावा लागेल.”

“शाई हाय ती, सायब.”

“प्रत्येक पेशंटला शाईच वाटते.”

“हात लावून बघा, कोमट हाय,” आसारामची बायको चांगुणा म्हणाली.

“बाई, सडायला लागलं की कोमटच लागतं. अंगठा ठेवला तर हात जाईल.”

त्यांनी अंगठा कापला. रक्त आलं. लालभडक, भरपूर, मोठ्या डॉक्टरांच्या चष्म्यापर्यंत. त्यांनी चष्मा पुसला आणि जाड दोऱ्याचे चार टाके घालून जखम मिटवली. ते काम पाच मिनिटांचं होतं.

आठवड्यानं आसारामला घरी सोडायचं ठरलं. काकासाहेब डिस्चार्जचा कागद आणि पॅड घेऊन खाटेशी आला.

“आता उजवा चालंल,” तो म्हणाला. “वर विचारलंय म्या. डावा नसला तर पुरुषाचाबी चालतो.”

“पयलं का न्हाई इचारलं, भाऊसाहेब?”

“पयलं हुता ना डावा. पेटीत.”

आसारामनं उजवी मूठ वळली, तान्ह्या पोरासारखी, अंगठा आत घेऊन. काकासाहेब पॅड उघडून उभा राहिला. चांगुणानं ती मूठ पदराखाली घेतली आणि थंडी वाजल्यासारखा पदर वरून घट्ट ओढला.