चिंध्यांतली बटणं

शिंपीमास्तरांनी मशिनखालचा चिंध्यांचा ढीग उपसला, तेव्हा त्यांना वाटलं, हरवलेली बटणंच सापडली. तपकिरी, गोल. पण बटणाला भोकं असतात, यांना नव्हती.

ह्या साहेबाच्या गोळ्या होत्या. साहेब म्हणजे त्यांचा कुत्रा. रुबाब असा, की दुकानाचा मालक कोण, असा गिऱ्हाइकाला प्रश्न पडावा. डास चावला की कुत्र्याच्या काळजात जंत होऊ शकतात, म्हणून मास्तर दर महिन्याला पावात दडवून गोळी देत. साहेब पाव गिळायचा आणि गोळी आपल्या अंथरुणात, म्हणजे ह्याच चिंध्यांत, पुरायचा. वर मास्तरांकडून शाबासकीही घ्यायचा. आणि दोन दिवस झाले, तो खोकत होता.

"एक आत्ताच देऊ का?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"शहाणपणा करू नका. आधी डॉक्टरीणबाईंना विचारा."

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "थांबा. जंत आधीच झाले असतील, तर गोळी बाधू शकते. घेऊन या त्याला."

दवाखान्यात त्यांनी साहेबाचं थेंबभर रक्त पट्टीवर टाकलं. दोन रेघा उमटल्या तर जंत आहेत. मास्तरांनी साहेबाच्या गळ्यातला पट्टा घट्ट धरला. एक रेघ उमटली. दुसरीची वाट बघत ते पट्टीवर वाकले. दुसरी रेघ आली नाही.

"खोकला घशाचा आहे," बाई म्हणाल्या. "जंत दिसत नाहीत."

"सुटलो बाई."

"इतक्यात नाही, मास्तर. अलीकडे शिरले असतील, तर ते अजून दिसणार नाहीत. सहा महिन्यांनी परत तपासू. तोवर गोळी चुकवू नका, आणि पोटात गेली का ते तोंड उघडून बघा."

बाईंनी तिथेच गोळी भरवली. मास्तरांनी साहेबाच्या दोन्ही गालांत बोट फिरवून खात्री केली. तरी घरी येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीलाच होता.

संध्याकाळी साहेब चिंध्यांवर गाढ झोपला होता. त्याच्या कानाशी एक डास गुणगुणत होता. मास्तरांनी दोनदा टाळी वाजवली, दोन्हीदा तो निसटला. मग ते गुडघे मोडून खाली बसले, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि उघडा हात साहेबाच्या कानावर धरला.

"इकडे ये," ते हळूच म्हणाले. "मला चाव."