काजळीखालचा कप्तान

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या किल्ल्यात एका गोऱ्या चित्रकाराने मला जाड कापडावर रंगवले. कंपनी सरकारच्या पलटणीतला एक तरुण कप्तान आठ सकाळी त्याच्यासमोर न हलता बसला. नवव्या दिवशी पलटण लढाईवर निघाली आणि तो परत आलाच नाही. चेहरा पुरा झाला होता. लाल कोट चित्रकाराने आठवणीवरून रंगवला.

अनेक हात बदलत मी अंधेरीच्या एका बंगल्यात आले. पाहुणे माझ्यापुढे थबकत. एकोणीसशे चौसष्ट साली बंगला पाडला आणि मी ढिगाऱ्यावर पडले. वेसाव्याच्या रामचंद्र कोळ्याने मला घरी नेले. चुलीला वारा लागू नये म्हणून त्याच्या बायकोने, पुतळाबाईने, मला भिंतीतल्या फटीवर ठोकले. सात वर्षे मी धूर खाल्ला. कप्तान पार काळा पडला.

एकदा सुकट झाकायला कापड हवे होते. रामचंद्राने मला अंगणात आणून माझ्या कोपऱ्याला सुरी लावली. तेवढ्यात मासळी घ्यायला पद्मजाताई आल्या. संग्रहालयात त्या जुनी चित्रे दुरुस्त करीत. काजळीतून डोकावणारे पितळी बटण त्यांना दिसले.

"थांबा दादा! सुरी नका लावू!"

त्यांनी कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि हळूच माझ्यावर फिरवला.

"अगो बाय, थुकी लावतंस?" पुतळाबाई म्हणाली.

"जुन्या रंगाला हीच सोसते, मावशी. पाण्यानं वाट लागेल त्याची."

काजळी सुटू लागली. आधी एक निळा डोळा उघडला, मग दुसरा. मग ओठावरची कोवळी लव दिसली. अंगणात माणसे जमली. रामचंद्राने सुरी खाली ठेवली. पुतळाबाईने डोक्यावर पदर ओढला.

"केवढा होता गो हा?"

"मागं लिहिलंय. चोवीस वर्षांचा."

"आन् आमी याच्या डोल्यांत धूर घातला!" ती पद्मजाताईंकडे वळली. "ने गो याला. तुज्याकडं बरा होईल."

आज मी संग्रहालयात आहे. माझा कोट, माझी सोनेरी चौकट पुष्कळांनी वाखाणली. पण इतक्या वर्षांत त्या पोराचे वय विचारले ते एकट्या पुतळाबाईने.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिला एकदा उजेडात धरा. तिच्यात कोणीतरी आपला जीव ठेवून गेलेले असते.