अस्वलाच्या कातड्यातलं भोक

“हे कुणालाच खरं वाटणार नाही,” ऑर्व्हल स्कार्लंड म्हणाला आणि पत्र्याच्या शेडमधली सात-आठ माणसं कॉफीचे मग सावरत त्याच्याकडे वळली.

हे वाक्य त्याने आजवर चार हजार वेळा तरी उच्चारलं असेल आणि दर वेळी सगळ्यांना सगळं खरं वाटलं होतं. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. मोंटानाच्या त्या खोऱ्यातली निम्मीअधिक माणसं लहानपणी त्याची अस्वलाची गोष्ट ऐकत ऐकतच शाळेत गेली. गोष्ट चढावाला सुरू व्हायची, पुलावर अस्वल यायचं आणि शाळेचं फाटक आलं की अस्वल पडायचं. बर्फामुळे बस अडकली तर अस्वलालाही पडायला तेवढा उशीर व्हायचा.

आज मात्र त्याला वेगळंच काही सांगायचं होतं. त्याने घसा खाकरला.

“त्या दिवशी आम्ही दोघं, मी आणि होलिस...”

“एल्क हरणाच्या मागावर होतो!” ड्वेन ओरडला. चाकं-टायरचं दुकान चालवणारा हा ड्वेन दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर गोळीचा वेग मोजायचं यंत्र घेऊन यायचा आणि जगातल्या प्रत्येक कारखान्याला लबाड ठरवून घरी जायचा. “आणि बारा पावलांवर झुडूप हललं!”

“दहा,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

“माझ्या वेळी आठ होती,” तिसरा म्हणाला.

“आणि ऑर्व्हलने कमरेवरूनच, नेमबिम न धरता, एकच गोळी!” ड्वेनने हाताची बंदूक करून उडवली. “धाड! झोपलं!”

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. तिथे ते कातडं ताणून ठोकलेलं होतं, पुढचे पंजे पसरलेले, आणि छातीच्या डाव्या बाजूला अंगठा जाईल एवढं गोल भोक. आपलीच गोष्ट आपल्याच हातून कुणी अशी ओढून नेईल असं ऑर्व्हलला कधी वाटलं नव्हतं.

त्याची नात कोरीन त्या कातड्याखालीच उभी होती. तेवीस वर्षांची पोर, उंच, आजोबांसारखीच लांब नाकाची. दुपारी ती वरच्या जंगलात जाणार होती. पूर्ण उन्हाळाभर एकटीने पाऊलवाटा साफ करायच्या, पडलेली झाडं कापायची, तंबूत राहायचं. वर ग्रिझली, म्हणजे तपकिरी, थोराड जातीची अस्वलं होती, भरपूर. जंगल खात्याने तिला अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा दिला होता, डोळ्यांत गेला की भलं मोठं जनावरही वाट सोडतं असा. तो डबा कमरेच्या पट्ट्याला उजव्या बाजूला अडकवायचा असतो. पण उजव्या बाजूला आत्ता ऑर्व्हलचं जुनं रिव्हॉल्व्हर कातडी म्यानात लटकत होतं. फवारा गाडीत मागच्या सीटखाली पडला होता. ऑर्व्हलने सकाळी तो पाहिला, आणि तेव्हाच आज खरं सांगून टाकायचं ठरवलं.

कारण ते अस्वल त्याने मारलेलंच नव्हतं. ते होलिसच्या टपालाच्या जीपखाली आलं होतं. होलिस पत्रं वाटत वळणावरून भरधाव येत होता, अस्वल डबकं ओलांडत होतं, आणि दोघांनीही एकमेकांना उशिराच पाहिलं. गाडीखाली मेलेलं जनावर घरी न्यायला तेव्हा बंदी होती. ऑर्व्हलकडे मात्र त्या वर्षीचा अस्वलाच्या शिकारीचा परवाना कोरा पडला होता. शिकार खात्याच्या माणसाला सांगायला काहीतरी हवं होतं म्हणून दोघांनी जीपच्या टपावर बसून ती गोष्ट रचली. साधं काळं अस्वल होतं. पुढे दर हिवाळ्यात ते दहा-पंधरा पौंडांनी वाढत गेलं, आणि कोरीन शाळेत जाऊ लागली तोवर त्याचा ग्रिझली झाला होता.

होलिसने मरेपर्यंत साक्ष दिली. चांगला मित्र होता. दोन वर्षांपूर्वी गेला.

“चला, मोजून टाकू,” ड्वेन म्हणाला. “पोरगी काय घेऊन चाललीय ते कळू दे.”

बाहेर मैदानावर तिपाईवर यंत्र मांडलं. गोळी त्याच्या वरून गेली की वेगाचा आकडा खिडकीत उमटायचा. कोरीनने कारखान्याच्या काडतुसांचा नवा डबा फोडला. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सेकंदाला आठशे साठ फूट.

तिने म्यानातून रिव्हॉल्व्हर उपसलं आणि सरळ झाडलं. सहाशे एक्केचाळीस. परत म्यानात, परत उपसून. सहाशे पंचावन्न. तिसऱ्यांदा सहाशे अठ्ठेचाळीस.

“बघा!” ड्वेनला आनंद झाला. “चोर आहेत चोर! हातभर लांब नळी लावून मोजतात आणि डब्यावर छापतात. याच्याहून जोरात आमची म्हातारी भांडी फेकते.”

“चोर नाहीत,” ऑर्व्हल म्हणाला. “भित्रे आहेत. माझ्यासारखी शंभर वर्षांची रिव्हॉल्व्हरं अजून लोकांच्या कपाटात आहेत. जोरदार काडतूस भरलं तर काडतुसं बसतात ते चक्कर फुटून हात जाईल. म्हणून ते दारू कमी घालतात. यात दुसरं काही भरताच येत नाही.”

“मग डब्यावर आठशे साठ कशाला छापतात रे?”

“तू टायरवर पन्नास हजार मैल छापून विकतोस ना?”

लोक खो-खो हसले. ड्वेनही हसला. पण ऑर्व्हलला हसू आलं नाही. त्याने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि सवयीने, प्रत्येक गोळीआधी, नळी आभाळाकडे करून हळूच खाली आणली. सातशे ब्याऐंशी. सातशे नव्वद.

“अरे वा!” कोरीनने टाळी वाजवली. “तुमच्या हातात जादू आहे आजोबा.”

“जादू कसली गं! काडतुसाच्या पितळी पुंगळीत दारू अर्धीच आहे, अर्धी जागा रिकामी. नळी वर केली की दारू मागे सरकते, ठिणगीपाशी, आणि नीट पेटते. म्यानात नळी खाली असते, दारू पुढे गोळीजवळ जाऊन बसते. मग अशी फुसकी निघते. कळलं? तू जंगलात चालताना ही दिवसभर खालीच तोंड करून असणार.”

“मग मी पण आधी वर करीन.”

“आणि अस्वल तोवर उभं राहील?”

कोरीन हसली. तिने मायेने त्याच्या टोपीचं टोक खाली ओढलं. “तुम्ही कुठे वर केली होती? कमरेवरूनच मारलीत ना? म्हणजे तुमची गोळी सहाशे पन्नासनेच गेली असणार. आणि अस्वल जागच्या जागी पडलं. मग मला सातशे नव्वद कशाला हवेत?”

ड्वेनने यंत्राच्या खिडकीकडे पाहिलं, मग ऑर्व्हलकडे. “हिशेब बरोबर आहे लेका,” तो म्हणाला. “इतकी वर्षं मी कारखान्यांना शिव्या घालतोय, आणि खरा पुरावा आपल्या भिंतीवर ठोकलाय.”

बाकीच्यांनीही माना हलवल्या. गोळी फुसकी असली तरी चालते, ऑर्व्हलने दाखवून दिलंय. मग चर्चा गोळीच्या वजनाकडे वळली आणि एकाने मिरचीच्या फवाऱ्याची टर उडवली. अस्वलाला भाजीत तिखट कमी पडलं तर कामाला येईल, म्हणाला. सगळ्यात मोठ्याने कोरीन हसली.

ऑर्व्हल गाडीकडे गेला. त्याने सीटखालचा डबा काढला, शर्टाने पुसला आणि कोरीनला हाक मारून शेडमध्ये नेलं. आत दुसरं कुणी नव्हतं. कॉफीचं भांडं तापत होतं.

“आधी पट्टा सोड,” तो म्हणाला. “हे उजवीकडे लाव. रिव्हॉल्व्हर इथेच ठेव.”

“आजोबा!”

“ऐकून घे. ते अस्वल मी मारलं नाही.”

कोरीन थांबली. त्याने सगळं सांगितलं. जीप, वळण, डबकं, कोरा परवाना. सांगताना त्याच्या लक्षात आलं की खरी गोष्ट त्याला नीट सांगता येत नाहीये. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, काहीच जमत नव्हतं. अस्वल डबक्यातून निघालं की जीप आधी आली, यात तो दोनदा चुकला. होलिस त्या दिवशी काय म्हणाला तेही आठवेना. खोट्या गोष्टीत होलिस काय म्हणाला ते अगदी तोंडपाठ होतं.

कोरीनने हात वर करून कातड्यातल्या भोकात बोट घातलं. लहानपणी बसमधून उतरली की आजोबांच्या खांद्यावर बसून ती हेच करायची.

“मग हे?”

“तेही मीच पाडलं. नंतर, कातडं कुंपणाच्या खांबावर टांगून, पाच पावलांवरून. गोळी कातड्यातून गेली, पण मागच्या खांबात बोटाच्या पेराएवढीही शिरली नाही गं. खिशातल्या चाकूने उकरून काढली.” त्याने पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून शिशाचा काळपट गोळा काढून तिच्या तळहातावर ठेवला. “बघ. नीट बघ. चेपलीसुद्धा नाही धड. अशी आहे ती ताकद.”

कोरीनने गोळी ओळखली. तिचा चेहरा एकदम लहान झाला, सहा वर्षांच्या मुलीसारखा.

“ही तर अस्वलाच्या काळजातून काढलेली,” ती म्हणाली. “माझ्या वाढदिवसाला दाखवली होती तुम्ही. मी रडले होते अस्वलासाठी.”

“ती हीच. पण काळजातली नाही.”

“आणि होलिसकाका? ते पण खोटं बोलायचे? चर्चमध्ये सांगायचे ते.”

“तो माझ्यासाठी बोलायचा.”

“आता त्यांना विचारता येत नाही म्हणून त्यांच्या नावावर खपवताय होय?”

ऑर्व्हलने भिंतीकडे पाहिलं. अजून काय दाखवावं? कातडं दाखवलं, भोक दाखवलं, गोळी दाखवली. मित्राची शपथ घ्यायला गेला तर मित्रानेच उलटी साक्ष देऊन ठेवलेली. यंत्रावरचे आकडेसुद्धा गोष्टीच्याच बाजूने गेले होते. त्याच्या हाती खरं म्हणून जे जे उरलं होतं, ते सगळं त्याने आधीच त्या गोष्टीत वापरून टाकलं होतं.

“कोरीन,” तो म्हणाला, “बाळा, मी तुझ्या पाया पडतो.”

तिने वाकून त्याच्या कपाळावर ओठ टेकवले. मिरचीचा डबा परत त्याच्याच हातात ठेवला आणि त्याची बोटं त्यावर एकेक करून मिटवली. मग डब्यातली सहा काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये भरली, चक्कर बंद केलं आणि नळी खाली करून ते म्यानात सारलं. दारात ड्वेन आणि बाकीची मंडळी येऊन उभी राहिली होती. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं, आणि कुणालाच कुठे बघावं ते सुचत नव्हतं.

कोरीन त्यांच्याकडे वळून हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“मी जाऊ नये म्हणून काय काय रचतायत बघा,” ती मोठ्याने म्हणाली. “आजोबा, आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोललात, आणि तेही तुम्हाला धड जमलं नाही.”